मोठ्या आईचा जेपीजी

मी या ग्रुपवर फक्त वाचते, लिहीत नाही. आणि खरं सांगायचं तर तुमचे भुताखेतांचे बरेचसे अनुभव वाचून मला हसू यायचं. आता येत नाही, एवढंच.

आम्ही लकडगंजला राहतो. यंदाच्या उन्हाळ्यात माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, गेली. मोठे बाबा लकव्यामुळे मागच्या खोलीत पलंगावरच असतात. ते तिच्याच हातून जेवायचे. ती गेल्यावर दोन घास भरवतानाही आमच्या नाकीनऊ येऊ लागले.

तेरवीसाठी तिचा फोटो हवा होता. बरा असा एकच, माझ्या फोनमध्ये – बैठकीत खुर्चीवर बसलेली, बाजूला मागच्या खोलीचं दार, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी. धरमपेठेतला फ्रेमवाला म्हणाला, "दीदी, ये फाइल खुल ही नहीं रही. जेपीजी में लाओ ना."

यात काय अवघड? लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं, फोटोचा फॉरमॅट बदलायची एका ओळीची कमांड दिली. ऑफिसात मी हे रोज करते. एरर नाही, काही नाही. जेपीजी उघडला... मोठ्या आईने मान वळवली होती. मागच्या खोलीच्या दाराकडे.

मूळ फोटोत ती सरळच बघत होती. पुन्हा कमांड दिली. दुसरं टूल वापरलं. तेच.

कोणाला काय सांगणार? तोच छापून आणला.

आत्या म्हणाली, "जितेपणी कोणाले लाजली नाही, आता तोंड फिरवून काहून बसली वं?"

मोठे बाबा मात्र फोटो बघून हसले. "मलेच पाहून राहिली." तेरवीनंतर फ्रेम त्यांच्या पलंगासमोर ठेवली. त्यानंतर ते नीट जेवू लागले. मग एक दिवस म्हणाले, "बेटा, मोठा करून आन ना. अंधुक दिसते मले."

मी मूळ फोटोवर पुन्हा कमांड चालवली, मोठ्या साइजची.

या वेळी खुर्ची रिकामी होती. मोठी आई मागच्या खोलीच्या दारात उभी... जेवायला बोलवताना करायची तसा हात केलेला.

मी लॅपटॉप बंद केला. फ्रेमवाल्याचं दुकान बंद आहे, असं मोठ्या बाबांना सांगत राहिले.

काल त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यांनी सरकवलं. "राहू दे वं. तुही मोठी आई हात करून बोलावून राहिली. तुले दिसलं ना?"

ती फाइल मी कोणालाच दाखवलेली नाही. डिलीट करायचीही हिंमत होत नाही. हे काय आहे, मला खरंच माहीत नाही.

आज त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.