ॲडजस्ट कुणी करायचं?

हे प्रसंग मला घडले तसेच आठवतात, की रागाच्या भरात मीच त्यांना धार लावली आहे, हे आता खात्रीने सांगवत नाही. पण एकाच शब्दाचे इतके किस्से एका स्टाफरूममध्ये साचले, की विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. शब्द साधा आहे: ॲडजस्ट.

बारामतीच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो. वर्गात सांगायचो, ॲडजस्ट वस्तूला करतात. गाडीचा आरसा, चष्म्याची दांडी. सोयीचं होईल इतपत जरा हलवायचं. स्टाफरूममध्ये मात्र माणसं हलवली जायची. आणि "ॲडजस्ट करा" म्हणणारा स्वतः तसूभर हलायचा नाही.

*

हलवलं जाणारं माणूस बहुतेक वेळा एकच. तांबोळी मॅडम. इंदापूरहून रोज एसटीने यायच्या, आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायच्या. पहिल्या दिवशी आल्या, तेव्हा विभागातले खैरे सर पंख्याखालच्या खुर्चीवर होते आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांची बॅग.

"मॅडम, तिकडं स्टूल हाय बघा. जरा ॲडजस्ट करा."

बॅग आरामात बसून राहिली.

*

मी चिडलो की मॅडमच माझी समजूत काढायच्या. "सर, एसटीत तिघींच्या सीटवर चौथी आली की आम्ही सरकतोच ना?"

"तिथं तिघीही सरकतात," मी म्हणालो.

"व्हय, पण कडेची अर्धी बाहेरच असते."

त्या हसल्या. मला वाटलं, आपण उगाच शब्दकोश कवटाळून बसलोय का?

*

एका वर्षी चंद्र दिसला नाही आणि ईद कॅलेंडरातल्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आली. मॅडमनी रजा मागितली. प्राचार्य म्हणाले, "काल सुट्टी दिली होती ना? सण ॲडजस्ट करा."

"करते सर. चंद्राला निरोप तुम्ही द्याल?"

रजा मिळाली. पण पुढे महिनाभर प्राचार्य त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

*

रजेवर गेलेल्याचं लेक्चर दुसऱ्याने घ्यायचं, यालाही कॉलेजात ॲडजस्टमेंटच म्हणतात. खैरे सरांची ऊसतोड असो की भाच्याचा साखरपुडा, ॲडजस्टमेंट मॅडमकडे. तासिकेवरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

अशात मॅडमना इंदापूरच्या एका कॉलेजातून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. कायम नोकरी, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. वेळ सकाळी अकराची. त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे नाही वाटले, पण चेहरा लपत नव्हता. त्या दिवशीचे त्यांचे तास मी घेणार, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी खैरे सरांनी नेमकी त्याच तारखेची रजा टाकली. "मॅडम, घरचं काम निघालंय. सकाळचं माझं लेक्चर तेवढं बघा."

मी तडक प्राचार्यांकडे गेलो. खैरेंचा तासही मीच घेतो म्हणालो.

"एका वेळी दोन वर्गांत कसे जाल, सर? मॅडम करतील ॲडजस्ट."

मॅडमनी लेक्चर घेतलं. मग धावत स्टँड गाठला. इंदापुरात पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलाखत घेणारे फायली बांधत होते. त्यांतले एक म्हणाले, "आजच्या दिवस वेळ ॲडजस्ट करता आली नाही का, मॅडम?"

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून, वह्या तपासत सांगितलं. मी संतापलो. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर, चहा गार होतोय."

पुष्कळ वर्षांनी त्या इंदापूरच्या कॉलेजचे निवृत्त हेडक्लार्क एका लग्नात शेजारी जेवायला बसले. ती जागा शेवटी कुणाला मिळाली, असं मी विचारलं.

"ती व्हय? खैरे सरांच्या सूनबाईंना. अकराच्या आधीच हजर होत्या. सर स्वतः गाडी घेऊन आलते त्यांना सोडायला."