नवमीचा दुसरा नैवेद्य

इतकी वर्षं लोटली, पण दवाखान्याच्या जनरेटरचं ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि मी साताऱ्यात फौजदार होतो. लष्कराने मोडीत काढलेलं सामान पुण्याला लिलावात निघे, आणि त्यातले जनरेटर हातोहात खपत. गावची वीज कधी दगा देईल याचा नेम नसे; जिथे वीजच नव्हती तिथे तर विचारूच नका. डॉक्टर, बर्फवाले, लग्नात लाउडस्पीकर लावणारे, तंबूत सिनेमा दाखवणारे, सगळे त्या जनरेटरांच्या मागे हात धुऊन लागलेले.

गावातल्या एका डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी असा एक जनरेटर आणला होता. बाजाराच्या दिवशी भरदुपारी तो चोरीला गेला. दोन माणसं आली, चाकांवरचा तो जनरेटर ट्रकला जोडला आणि ओढत निघून गेली. शेजाऱ्यांनी पाहिलं, पण दुरुस्तीला चालला असेल असं समजून एकाने तर ट्रकला वाट करून दिली. लपतछपत केलेली चोरी लोकांच्या नजरेत भरते. ऐटीत केलेली त्यांना काम वाटते.

संशय जनरेटर चालवणाऱ्या तरुणावर गेला. फौजेत मेकॅनिक होता, लढाईवरून परतलेला. जनरेटरच्या शेडची किल्ली त्याच्याकडे, कुलूप फोडलेलं नाही, आणि त्या दुपारी तो जागेवर नव्हता. मी त्याला समोर बसवलं.

"सायेब, चोरी म्या केली न्हाई. पर कुठं हुतो ते इचारू नगा."

"अरे, तेवढं सांगितलंस तर आत्ता सुटशील."

"न्हाई सांगायचं."

गोडीने विचारून झालं, दरडावून झालं. पठ्ठ्या ढिम्म. मला त्याचा भयंकर राग आला. शेवटी मॅजिस्ट्रेटसमोर उभा करून कोठडी घेतली.

त्याचं वाईकडच्या एका मुलीशी लग्न ठरलं होतं. मुलीचे वडील चांगले बागायतदार. ते ठाण्याच्या पायरीवर येऊन बसत आणि मी दिसलो की उठत. "आवं सायेब, पोरगं चोर हाय का न्हाई, एवढंच सांगा. न्हाईतर दसऱ्याला सोयरीक मोडतो. चार लोकांत तोंड दावायचं हाय मला."

मग खबर आली. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे, आणि चोरून विकणारा एक जण आमचा खबऱ्या होता. तो म्हणाला, "पलूसकडचा सिनेमावाला आताशा लय पेट्रोल उचलतोय. त्येचं जुनं इंजिन एवढं पीत न्हाई." हा तंबू महिन्यापूर्वी साताऱ्यात होता. पलूसच्या पोलिसांना घेऊन झडती घेतली, तर तंबूमागे एकच जुनं इंजिन. मालक हसून म्हणाला, "बघा की सायेब, दुसरं कुठनं आणू?" हात हलवत परतलो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजेची तयारी चालली होती. बंदुका पुसून झाल्या, बेड्या घासून झाल्या. आमचे हवालदार माझ्या सायकललाही हार आणा म्हणून सांगत होते. "वरीसभर राबती, सायेब. एक दिस तरी मान द्याय नगो?" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोर असला तरी यंत्रावर पोट असलेला माणूस उद्या ते बिनपूजेचं ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत तंबूपाशी गेलो. जुन्या इंजिनाला झेंडूचा हार, पुढे नारळ. मालकाची म्हातारी आई नैवेद्याची दोन ताटं घेऊन आली. एक तिथे ठेवलं आणि दुसरं घेऊन कडब्याच्या गंजीकडे निघाली.

"आजी, हे कुणाला?" मी विचारलं.

"त्या नव्याला की. सणाचं त्येला उपाशी ठिवायचं व्हय, लेकरा?"

"आई, गप की," म्हणत मालक धावला, पण तोवर मी पेंढ्या ओढल्या होत्या. आत जनरेटर होता, हळदकुंकू लावलेला. म्हातारीला काहीच ठाऊक नव्हतं. तिचा नैवेद्य होऊ दिला आणि मगच पंचनामा केला. नंबर जुळला. तंबू साताऱ्यात असताना मालकाच्या माणसाने त्या तरुणाशी दोस्ती करून किल्लीचा ठसा घेतला होता.

दसऱ्याला त्याला सोडलं. मी म्हटलं, "आता तरी सांग."

तो खाली बघत म्हणाला, "वाईला गेल्तो, तिला भेटाय. घाटावर बोलत बसलो दोघं. लगनाआधी भेटली म्हणून तिचं नाव गावभर झालं असतं."

बाहेर मुलीचे वडील आपट्याची पानं घेऊन उभे होते. ती जावयाच्या हातात देऊन त्यांनी त्याला कवटाळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी पयल्या दिसापास्नं सांगत हुती, त्यो तिथं नव्हताच म्हणून. तिला कसं कळलं, देव जाणे."

आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही. त्यानंतर नोकरीत अबोल आरोपी पुष्कळ भेटले. हा काय लपवतोय हे बघण्याआधी हा कुणाला जपतोय, ते मी शोधू लागलो.