रानरेड्यासमोर एअर रेड ड्रिल

रानरेडा वाटेच्या मधोमध उभा होता आणि जबलपूरच्या फॅक्टरीतली दोन माणसं त्याच्यासमोर पालथी पडली होती. एक मी, सेफ्टी ऑफिसर. दुसरे आमचे फिटर देशकर.

एकाहत्तरच्या लढाईनंतर ट्रकदुरुस्ती शिकवायला आम्हाला पूर्व आफ्रिकेत डेप्युटेशनवर पाठवलं होतं. रविवारी आम्ही नॅशनल पार्कात वॉकिंग सफारीला गेलो. म्हणजे जीपबिप काही नाही, पुढे बंदूकवाला रेंजर आणि मागे आपण, पायी. देशकरांना जनावरं बघायची भारी हौस. तिथल्या वर्कशॉपच्या साहेबांनी मला बजावलं होतं, "जसा नेताय तसा परत आणा."

निघताना रेंजर जोसेफने सांगितलं, की मी शिट्टी मारली की जागच्या जागी उभं राहायचं, पळायचं नाही. आम्ही माना डोलावल्या.

पण लढाईच्या दिवसांत फॅक्टरीत एअर रेड ड्रिल, म्हणजे विमानहल्ल्याची तालीम, मीच घ्यायचो. पहिल्या शिट्टीला कोपरं टेकून पालथं पडायचं, कानांत बोटं घालायची. दुसऱ्या शिट्टीशिवाय कुणी उठला, तर त्याची माझ्याशी गाठ असे. देशकर या बाबतीत अगदी पक्के.

त्यामुळे जोसेफची शिट्टी आली आणि आम्ही दोघंही धाडकन आडवे झालो. विचार करायला सवडच मिळाली नाही.

रेडा फुरफुरला. जोसेफने बंदूक रोखली. तेवढ्यात पोटाखाली आगडोंब उसळला. आम्ही नेमके मुंग्यांच्या रांगेवर पडलो होतो. आता देशकर उठून नाचायला लागले असते, तर रेडा सरळ अंगावर आला असता. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात त्यांच्या बायकोला काय सांगायचं, या विचारानेच मला घाम फुटला. देशकर मात्र दात आवळून पडून राहिले.

शेवटी रेडा कंटाळून झुडपात शिरला. जोसेफने माझा खांदा हलवला तेव्हा मी उठलो. देशकर तरीही हलेनात. एक डोळा उघडून म्हणाले, "साहेब, मुंग्या खाऊन राहिल्या जी. दुसरी शिट्टी काहून नाही मारत?"

मी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. मग देशकर जे नाचले, ते बघून जोसेफ खालीच बसला. रेडा धावून आला आणि जवळ झाड नसलं तर पडून राहणं हा शेवटचा उपाय असतो, असं तो म्हणाला. सुरुवातच त्या उपायाने करणारी माणसं त्याने प्रथमच पाहिली होती.

साहेबांना माणूस परत मिळाला, जरासा सुजलेला.

जबलपूरला परतल्यावर पहिल्याच ड्रिलला मी नवी सूचना दिली: पडण्याआधी खालची जमीन बघा. सगळे हसले. देशकरांनी वाकून बघितली.