भिवराच्या डब्यातला ऊस

भिवरा अकरा वर्षांची होती आणि तिच्या घरात तिच्याएवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळं घरात वाद झाला असता तर तीच जिंकली असती. पण वाद घालायला माणूसच नसायचं. दसरा झाला की बाप धुळाजी आणि आई सिंधू बैलगाडी जुंपून सांगलीकडं ऊस तोडायला जात, ते ऊन तापल्यावर परत येत. तोवर सिरसाळ्याजवळच्या त्या माळावरच्या वस्तीत भिवरा आणि तिची विधवा केसरआत्या. आत्याला कमी ऐकू यायचं आणि जेवढं ऐकू यायचं तेवढंही ती मनावर घ्यायची नाही.

ते टँकरच्या दुष्काळाचं वर्ष होतं. निघायच्या आदल्या दिवशी भिवरानं आईला गाठलं.

"आई, तुमी कावून जाता?"

"हितं ऊस न्हाई म्हणून."

"हितं ऊस कावून न्हाई?"

"पाणी न्हाई म्हणून. आता भाकरी बांधू दे मला."

एवढं ऐकून शहाणी माणसं उसासा सोडतात आणि चहा पितात. भिवरानं ठरवलं की, कमीत कमी किती पाण्यावर ऊस येतो ते शोधून काढायचं. तो इथं आला की तालुक्यातला बंद पडलेला सहकारी कारखाना सुरू होणार, आई-अण्णा सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी घरी येणार. कारखान्याच्या संचालक मंडळानं इतक्या सभांत जे केलं नव्हतं, ते हिनं एकटीनं चुलीपुढं बसून मंजूर करून टाकलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि मांडवाचा ऊस मोकळा झाला. भिवरानं त्याच्या डोळे असलेल्या कांड्या केल्या, तेलाच्या तीन डब्यांत माती भरून लावल्या. पहिल्या डब्याला भांड्यांचं पाणी, दुसऱ्याला आंघोळीचं, तिसऱ्याला काहीच नाही.

"तिसऱ्यानं काय पाप केलं गं?" आत्यानं विचारलं.

"त्याच्याबिगर कसं कळंल, दुसरे पाण्यानंच वाढले म्हणून?"

"आगं, पण त्याच्या वाट्याला कुणीच न्हाई की."

त्या दिवसापासून शाळेतून आल्यावर भिवरा त्या तिसऱ्या डब्याजवळ बसून भाकरी खायची. पाणी द्यायचं नव्हतं; सोबतीला बंदी नव्हती.

पहिल्या डब्यातली कांडी राखेच्या पाण्यानं म्हणा की खरकट्यानं, कुजली. दुसऱ्या डब्यातली फुटली आणि आत्याच्या संसारात नवं संकट आलं.

"आत्या, आंघोळ कर."

"काल केली की!"

"उसाला तहान लागलीय."

"मेले, मला काय पाटबंधारे खातं समजलीस का?" आत्या ओरडायची आणि पुटपुटत न्हाणीच्या दगडावर जाऊन बसायची.

बाजाराच्या दिवशी अण्णांचा फोन यायचा. भिवरा प्रयोगाचं नाव काढायची नाही. पुरावा हातात आल्यावरच बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं. एकदा तिनं आडून विचारलं, "अण्णा, उसाला पाणी किती लागतं हो?" पलीकडून धुळाजी म्हणाला, "आपुन तोडणारे, बाई. लावणाराला इचार." मग रेंज गेली. ती बराच वेळ फोन कानाला लावून उभी होती.

ऊस तिच्या कमरेला लागला. दावणीजवळच्या सावलीत तो असा हिरवागार दिसायचा, की रस्त्यानं जाणारी शेळी वळून बघायची. तिसऱ्या डब्यात नुसती माती उरली होती.

मग एका पहाटे घुंगरं वाजली. धुळाजीची रीत अशी की, प्रवासाहून आल्यावर आधी बैलांच्या तोंडाला काहीतरी लावायचं, मग स्वतः पाणी प्यायचं. पाच महिने त्यानं ऊस तोडून वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बैलांपुढं टाकलेलं. अंधुक उजेडात त्याला दावणीजवळ हिरवं दिसलं. हातानं कोयता उचलला, बुडातून छाटलं, बैलांपुढं टाकलं. भिवरा डोळे चोळत बाहेर आली तेव्हा बैल शेवटचं पान चघळत होता.

ती रडली नाही. ओसरीवर बसली. आत्याकडून सगळं ऐकल्यावर धुळाजी एवढासा झाला.

"बुडातनं परत खोडवा फुटंल की गं," तो म्हणाला. "पण एका आंघोळीवर एक ऊस म्हंजे समद्या गावाला रोज न्हाऊ घालावं लागंल!" आणि तिला हसवायला बघू लागला.

भिवरा हसली नाही. "एका गाडीत ऊस किती बसतो?"

"दोन टन धर."

"आन् कारखान्याला किती गाड्या लागत्यात?"

"रात्रंदिस गाड्यांची रांग असती, बाई. सपतच न्हाई."

तिनं बोटं मोजली. वस्तीतली घरं, माणसं, त्यांच्या आंघोळी. मग थांबली.

"मंग न्हाई जमायचं," ती म्हणाली.

यंदा आम्ही जाणार नाही, असं धुळाजीच्या ओठांवर आलं होतं. पण ही पोर सगळंच तपासून बघते हे त्याला आता कळलं होतं. तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

खोडवा खरंच फुटला. दसऱ्याला गाडी जुंपली तेव्हा तो गुडघ्याला लागला होता. सिंधू गाडीत चढता चढता म्हणाली, "ऊस मोजत जा गं बाई. आमी फोनवर इचारू."

"कशाला?" भिवरा म्हणाली. "उत्तर निघालंय की."