नावाआधीचं एक अक्षर

नाताळच्या आदल्या दिवशी बातमीसाठी मी माजलगावजवळच्या ख्रिस्ती कबरस्तानात गेलो होतो. लोक आपापल्या माणसांच्या कबरींना चुना देत होते. पन्नाशीचा एक पेंटर क्रुसांवरची पुसट नावं काळ्या रंगानं गिरवत होता. प्रत्येक अक्षराआधी तो ब्रश डब्याच्या काठावर दोनदा निथळून घ्यायचा. उकिडवं बसून तो भराभर पुढं सरकत होता. एका क्रुसापाशी मात्र त्यानं मांडी घातली.

"ही माझी मंडळी," तो मला म्हणाला.

क्रुसावर तिच्या नावाआधी ‘कु.’ होतं आणि पुढं माहेरचं आडनाव. हा बौद्ध, ती ख्रिस्ती. बारा वर्षांचा संसार झाला, पण माहेरच्यांनी लग्न कधी मानलं नाही. ती तापानं गेली तेव्हा त्यांनीच तिला इथं आणून पुरलं आणि क्रुसावर कुमारी लिहिलं. दर नाताळला ते गिरवायला यालाच बोलावतात.

"ब्रश तर तुमच्याच हातात आहे. सौभाग्यवती का लिहीत नाही?"

"लिवलं तर पुढच्या साली दुसरा पेंटर आणतील. मग मी कोनत्या नात्यानं आत येऊ?"

तेवढ्यात तिचा भाऊ मेणबत्त्या घेऊन आला. त्यानं वाकून नाव वाचलं.

"पेंटर, बाकी लई झ्याक झालंय. तेवढं ‘कु.’ पुसट दिसायलंय. जरा ठळक करा की."

"करतो, साहेब," पेंटर म्हणाला आणि त्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला.