मामांचं मुकं गाऱ्हाणं

आमच्या मामेसासऱ्यांइतका सावध माणूस अख्ख्या कोकणपट्टीत सापडायचा नाही. आणि कुणाला सापडू नये हाच तर त्यांचा आयुष्यभराचा धंदा. नौदलात युद्धनौकेवर येणाऱ्या क्षेपणास्त्राला भलत्याच वाटेला लावणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन मालवणात आले, पण गडी काही किनाऱ्याला लागला नाही. घडीभर बूड टेकत नाही. रडार चालू ठेवलं की त्याचाच माग काढत शत्रू येतो, हे डोक्यात इतकं पक्कं, की मी अंगणात पाय ठेवला रे ठेवला की हुकूम सुटतो, "जावयानू, मोबाईल बंद करा. जो बोलता, तो गावता!" बोलला तो सापडला, एवढंच त्यांचं शास्त्र. बाजारात सुरमई हवी असली की एकीकडे बांगड्याचा भाव मोठ्याने विचारायचा आणि सगळ्या मासेवाल्या तिकडे बघतात तोवर पलीकडून गुपचूप सुरमई उचलायची. "हेका चकवो म्हणतत. बोटीवरसून चांदीसारख्या पट्ट्यांचो ढग उडवलो काय क्षेपणास्त्र बोट सोडून तेच्या मागे!" त्या नादात सुरमई बरेचदा शिळी येते, हे मामी सांगतात.

यंदा त्यांचा मुलगा, तोही नौदलातच, मोहिमेवर गेला आणि बोटीने मौन धरलं. फोन नाही, निरोप नाही. "गप आसत म्हणजे शाबूत आसत," मामा येरझाऱ्या घालत सांगायचे. मामींना की स्वतःला, देव जाणे. शेवटी मामींनी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आता गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावासमोर, खणखणीत आवाजात, नावनिशीवार अडचण देवाच्या कानावर घालायची. मामांच्या अंगावर काटाच आला. गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांना, म्हणजे गावकरांना, बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, "नाव नको, बोट नको, दर्यो नको."

गावकरांनी बिचाऱ्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, एक झील आसा, कोणाचो तरी पोरगो... खंय आसा ता सांगूचा नाय... कशात बसलो आसा ताय सांगूचा नाय..."

"व्हय म्हाराजा," जमलेली मंडळी रिवाजाप्रमाणे, पण चाचरत म्हणाली. मला हसू आवरेना. गावकर मात्र मधेच थांबले आणि वळून म्हणाले, "मामानू, अशान तो देवाक तरी गावतलो कसो?"

मामांची चुळबुळ एकदम थांबली. गावकरांना बाजूला सारून ते स्वतः पुढे झाले आणि सारं देऊळ दणाणेल असं ओरडले, "म्हाराजा, बाबलो माझो! माझो बाबलो आसा त्या बोटीर! ही तेची आवस धड जेवणा नाय, माका एका जाग्यार बसवणा नाय. सांभाळ रे तेका!" बोटीचं नाव तेवढं त्यांनी तिथेही गिळलं.

"व्हय म्हाराजा!" या खेपेला कुणी चाचरलं नाही. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

बाबल्याची खबर अजून नाही. पण त्या दिवशी घरी येताना भेटेल तो विचारत होता, "मामानू, बाबल्याचा काय?" आणि मामा प्रत्येकापाशी थांबून, अगदी पोराटोरांनाही, सांगत होते, "नाय रे अजून. वाट बघतंव."