कडी लागेपर्यंत

अमेरिकेत, अल्फारेटात आमच्या ओळखीतल्या कुणाला काही विकत घ्यायचं असलं की तो दोन घरी फोन करायचा. एक आमच्याकडे. कुठली वस्तू किती वापरून परत करता येते, हे माझ्याइतकं आणि यतीनइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. यतीननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा कार्पेट धुवायचं मशीन आणून पाच घरांची कार्पेटं धुतली आणि 'आवाज फार करतं हो' असं सांगून परत केलं. परत करताना चेहरा असा, जणू दुकानदारावरच उपकार! दुसरा फोन जायचा संजीवला.

संजीव नागपूरचा. कामानं टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामातल्या चुका काढायच्या. पण माणसांतल्या चुका काढताना मी त्याला कधी पाहिलं नाही. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा, बोलण्याआधी दोनदा घसा खाकरणारा. पार्किंगमध्ये कुणी टाकून दिलेली ट्रॉली दिसली की ढकलत जागेवर नेऊन लावणार, आणि आपण गाडीत एसी लावून त्याची वाट बघत बसायचं. कॅमेरा घ्या, फ्रिज घ्या, याला सगळं पाठ. स्वतः मात्र काही घ्यायचा नाही. घेतलंच तर बूट दुकानात अर्धा तास घालून फिरून, विक्रेत्याला 'चालतंय ना मी फिरलेलं?' असं विचारून.

"अरे घेऊन जा ना घरी, नाही आवडले तर परत कर," मी म्हणायचे.

"नाही वहिनी. वापरून परत करायचं म्हणजे लग्नात जेवायचं आणि निघताना अहेराचं पाकीट परत मागायचं."

हे मला, आमच्याच घरी, आमच्याच सोफ्यावर बसून! तो सोफा मी परत करणार होते, तेव्हापासून ठेवून घेतला.

त्याची बायको शरयू. ती आली तेव्हा आमच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणांत, जीव आला होता. आवाज असा खर्जातला, की ती 'मीठ देता का' म्हणाली तरी माणसं वळून बघायची. नागपुरात नाट्यस्पर्धेत काम करायची, पदक मिळालेलं. इथे आली डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करायला बंदी. पहिलं वर्ष तिनं आम्हांला विमानातल्या हवाईसुंदरीपासून लायसनच्या ऑफिसातल्या बाईपर्यंत सगळ्यांची नक्कल करून दाखवली. दुसऱ्या वर्षी कमी. मंडळानं गणपतीत नाटक बसवलं, तेव्हा भूमिका आधीच वाटून झाल्या होत्या. हिला दिलं काय, तर मागचं चहाचं टेबल! पदकवाली बाई थर्मास दाबत उभी आणि स्टेजवर मंडळातल्या विनीताबाई तिसऱ्यांदा तेच वाक्य विसरतायत. माझं डोकं फिरलं होतं त्या दिवशी. मंडळात मी त्यावरून भांडलेसुद्धा. पण शरयू गप्प. हळूहळू गप्पच राहायला लागली.

दोन हजार चारच्या त्या ऑक्टोबरात ती माझ्या किचनमध्ये बसून मेथी निवडत होती. अचानक म्हणाली, "शुभाताई, मी चालली नागपूरला. दिवाळीच्या आधीचं तिकीट आहे."

"आणि परत?"

"परतीचं नाही काढलं." मेथीची एक काडी तिनं उगाच मोडून मोडून बारीक केली. "इथे मला कोण ओळखते, सांगा. संजीवची बायको म्हणून ओळखतात, तेवढंच. माझा चेहरा पाहून 'अरे, ही ती' असं म्हणणारा एक माणूस नाही या गावात."

"आणि संजीव काय म्हणतो?"

"तो काय म्हणेल? तो डिस्क प्लेअर शोधून राहिला."

हे मात्र खरं होतं. उन्हाळ्यात एक कुटुंब कायमचं पुण्याला परत गेलं, त्यांच्या मूव्हिंग सेलमधून संजीवनं एक थोराड टीव्ही आणि पाच स्पीकरचा होम थिएटर संच स्वस्तात उचलला होता. टीव्ही इतका जड की यतीनची कंबर आठवडाभर धरली. सगळं आलं, फक्त प्लेअर नव्हता. तो घ्यायचा तर स्वस्तातला, आणि आपल्याकडच्या डिस्क वाजवणारा. आता आपल्याकडच्या डिस्क इथल्या मशीनना पचत नाहीत, हे परदेशात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एखादं मशीन चित्र काळंपांढरं दाखवतं, एखादं खालून वर गरागरा फिरवतं, महागडं असेल तर तेवढे कष्टही न घेता 'नो डिस्क' म्हणून मोकळं होतं. आम्ही काय करतो? चार प्लेअर आणतो, तीन परत करतो. संजीवला ते चालणार नव्हतं. तो आपली एक डिस्क रुमालात गुंडाळून दर शनिवारी दुकानांतून फिरायचा आणि तिथल्या माणसांच्या परवानगीनं लावून बघायचा. दोन महिने हे चाललं होतं. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

"तुझी ती नाटकाची डिस्क आहे ना गं?" मी शरयूला विचारलं. तिच्या स्पर्धेतल्या नाटकाची व्हीसीडी तिच्या भावानं नागपूरहून पाठवली होती, एवढं मला माहीत होतं. "तू तरी बघितलीस का?"

"नाही. संजीव म्हणाला होता, कॉम्प्युटरवर लावून देतो. मी नको म्हटलं. डब्यात मान घालून नाटक पाहतात काय, ताई? चार माणसं बसली पाहिजे, कोणी खोकललं पाहिजे, तेव्हा ते नाटक. पडली आहे ती साड्यांखाली."

त्याच शनिवारी मी तिला बॅग घ्यायला घेऊन गेले. चांगली मोठी, चाकांची बॅग. ती घेताना मला रडू येत होतं आणि राग तर इतका की पावती मी जवळजवळ हिसकावूनच घेतली. बायको घर सोडून निघालीय आणि हा बाबा मशीनं तपासत हिंडतोय! हायवेलगतच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासमोर त्याची जुनी हिरवी गाडी दिसली, तशी मी ब्लिंकर लावून गाडी आत वळवली.

"कुठे चाललो?" शरयूनं विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला कान धरून बाहेर काढायला. निदान निघायच्या आधीचे दिवस तरी त्यानं तुझ्याबरोबर घालवावेत. चल, उतर."

आत शिरलो. डावीकडे वॉशिंग मशीन, उजवीकडे कॉम्प्युटर, आणि समोर त्या दुकानांत असते तशी टीव्हींची अख्खी भिंत. मी तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

भिंतीवरच्या एकूण एक टीव्हीवर शरयू होती.

निळी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. एका लहान गावातल्या एसटीडी बूथच्या काउंटरवर बसून ती हिशोब लिहीत होती. एक माणूस येतो, तिच्याकडे न बघताच काचेच्या खोलीत जातो, रिसीव्हर उचलतो. ती मान वर करते. आणि हा चेहरा ती ओळखते. काही बोलत नाही हो, नुसती बघते. पण ते बघणं! मग ती शांतपणे उठते, काचेच्या दाराकडे जाते आणि बाहेरून कडी घालते. माणूस आत, फोन कानाला, त्याला पत्ताच नाही.

टीव्हींसमोर संजीव पाठमोरा उभा होता. कडी लागली आणि त्यानं पुढे होऊन बटण दाबलं. भिंत निळी झाली.

"अरे देवा, पुन्हा!" असं कुणीतरी इंग्रजीत ओरडलं. दुकानाचा लाल टी-शर्ट घातलेला एक पांढऱ्या केसांचा काळा गृहस्थ होता तो, छातीवर नाव अर्ल. त्याच्या बाजूला फ्रिज विकणाऱ्या दोन मुलीही कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. अर्ल वळला, त्याला शरयू दिसली. त्यानं भिंतीकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. हिच्या अंगात जीन्स आणि यतीनला लहान होणारं माझ्या घरचं जाकीट.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही त्याच ना? टेलिफोनवाल्या बाई?"

मुली धावतच आल्या. "हो, त्याच! अगं बाई, त्याच आहेत!"

मी शरयूकडे बघितलं. ती माझा दंड घट्ट पकडून उभी होती.

संजीव वळला आणि चोरी पकडल्यासारखा लालेलाल झाला. दोनदा घसा खाकरला.

"हे गृहस्थ दर शनिवारी येतात," अर्ल मला सांगायला लागला, म्हणजे तक्रारच ती. "आमच्याकडचा एकेक प्लेअर लावून बघतात. आज शेवटी खालच्या फळीवरचा हा सापडला, कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, सगळ्यांत स्वस्त. रंग बघा काय सुंदर आले! म्हणून मी सगळ्या भिंतीला जोडला. पण हा माणूस दर वेळी तेवढंच लावतो. तुम्ही दाराला कडी घालता आणि हा डिस्क काढून घेतो. मी म्हटलं, दोन मिनिटं राहू दे बाबा पुढे. तर नाही! मी घरी जाऊन बायकोला सांगतो, ती मला विचारते, मग काय झालं? मी काय सांगू तिला?" त्यानं चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही त्याला आत का कोंडलंत?"

शरयूनं माझा दंड सोडला.

कित्येक महिन्यांत न ऐकलेला तो आवाज आला. इंग्रजी तोडकंमोडकं, पण आवाज तोच. "तो माझा नवरा आहे. खूप वर्षांपूर्वी घर सोडून गेला. आज माझ्याच बूथवर फोन करायला आला आहे, आणि मला ओळखत नाही."

"आणि फोन कुणाला करतोय?" एका मुलीनं विचारलं.

शरयू एक पाऊल पुढे आली. खरं सांगते, तिथे ट्यूबलाइट होते, लहान मुलं रिमोट ओढत होती, पण तेवढ्या जागेत नाटक उभं राहिलं. हात उंचावून तिनं हवेतली कडी धरली. "मी बाहेरून बघते. तो नंबर फिरवतो. बेल वाजते, कोणी उचलत नाही. परत फिरवतो. मी मीटरवर नंबर वाचते." ती थांबली. किती वेळ थांबायचं हे तिला बरोबर ठाऊक होतं. "आमच्या जुन्या घराचा नंबर आहे. मी ते घर केव्हाच सोडलं. तो मलाच फोन करतो आहे."

अर्लनं चष्मा पुसला. माझं तर विचारूच नका, पर्समध्ये टिश्यू शोधताना गाडीची किल्ली खाली पडली.

"मग?" अर्ल हळूच म्हणाला. "तुम्ही दार उघडता?"

शरयू संजीवकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "सांग ना त्याला. तू तर पाहिलं असशील."

"नाही पाहिलं," संजीव म्हणाला.

"माझ्या साड्यांखालची डिस्क घेऊन दोन महिने फिरून राहिला आणि पाहिलं नाही?"

"स्पर्धेच्या वेळी मी इकडे होतो. तुला स्टेजवर कधी पाहिलंच नाही मी." त्यानं पुन्हा घसा खाकरला. "तू म्हणाली होती ना, नाटक चार माणसांत बसून पाहायचं. म्हणून कडी लागली की बंद करायचो. पुढचं तुझ्या शेजारी बसून पाहायचं होतं. तू जायच्या आधी एकदा सगळ्यांना बोलवावं, त्यांनी तुला पाहावं, एवढंच. प्लेअरच मिळत नव्हता गं." मग खाली, बुटांकडे बघत: "जाऊ नको म्हणता येत नाही मला. तुझं इथे काय अडलंय, मला दिसतं."

मी त्याला किती नावं ठेवली होती! चिकट काय, घोळ्या काय! पण त्या क्षणी असं वाटलं की जवळ जाऊन याच्या तोंडावरून हात फिरवावा, आईनं फिरवावा तसा.

शरयू रडली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, त्या काचेपलीकडच्या माणसाकडे बघत होती ना, अगदी तसं. मग पुढे झाली आणि त्याच्या शर्टाचं ते वरचं बटण काढलं. "गुदमरत नाही का तुला?" म्हणाली.

अर्ल बिचारा आमच्या तोंडांकडे बघत होता. "काय म्हणाले? दार उघडलं का?"

"नाही सांगणार," शरयू त्याला म्हणाली. "पुढच्या महिन्यात आमची दिवाळी आहे. बायकोला घेऊन घरी या. मी तुमच्या शेजारी बसून पाहीन. मी पण पाहिलं नाही अजून. तुम्हीही या गं मुलींनो."

"दिवाळीला?" संजीवनं विचारलं. "दिवाळीला तू..."

"मग काय, माझं नाटक माझ्यावाचून पाहशील?"

दोघं काउंटरकडे गेले, तो खोका संजीवनं लहान बाळासारखा छातीशी धरला होता. मी बाहेर आले, गाडीची डिकी उघडली आणि ती मोठी चाकांची बॅग ओढून काढली. मघाशी हिसकावलेली पावती पर्समध्ये होतीच. बॅगेचं दुकान पलीकडेच होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काही खराबी आहे का?"

"छे गं," मी म्हटलं, "बॅग छान आहे. आता लागणार नाही."